वाचकांचे प्रश्न: हाराजुकूचा घेर, घरची मशीन

जपानच्या रस्त्यावरची फॅशन आणि ती घरी शिवणं या विषयावर आलेल्या पत्रांतून या महिन्यात सहा पत्रं निवडली आहेत. सगळी मापं सेंटीमीटरमध्ये आहेत. इंची टेपच्या उलट बाजूला तीच मिळतात.

माझी मुलगी अकरावीत आहे. मोबाईलवर सारखे झालरींचे फ्रॉक आणि डोक्याला भलामोठा बो लावलेल्या जपानी मुली बघते. याला ‘लोलिता फॅशन’ म्हणतात हे ऐकून मी बिचकलो. हा नाटकासारखा वेश करण्याचा प्रकार आहे का? ती म्हणते, मला हे स्वतः शिवायचंय.
— एक वडील, नाशिक

आधी नावाबद्दल. इंग्रजीत या शब्दाला जो लैंगिक अर्थ चिकटला आहे, त्याचा या कपड्यांशी संबंध नाही. गुडघ्यापर्यंतचा भरगच्च घेर, बंद गळा, लांब मोजे, गोल कॉलर असा हा पेहराव असतो. तो घालणाऱ्या मुली स्वतःच्या आवडीसाठी घालतात, कुणाला भुरळ पाडायला नाही. हे कॉस्प्लेही नव्हे. कॉस्प्लेमध्ये एखाद्या कथेतलं पात्र साकारतात. इथे कपडा हा कपडाच असतो, मैत्रिणींबरोबर चहा प्यायला जाताना घालायचा.

हे सगळं टोकियोतल्या शिबुया भागातल्या हाराजुकू वस्तीभोवती वाढलं. तिथला रस्ता १९७७ पासून १९९८ पर्यंत रविवारी गाड्यांना बंद असायचा आणि तरुण मुलं नटूनथटून तिथे जमायची. १९७८ मध्ये लाफोरे ही दुकानांची इमारत उघडली. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ हे या शैलीतलं नावाजलेलं दुकान १९८८ चं. छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ हे मासिक काढलं. त्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींचे पूर्ण उंचीचे फोटो आणि कोणता कपडा कुठून आला याची नोंद असे. त्या नोंदींत ‘स्वतः बनवलेलं’ आणि ‘जुन्या कपड्यांच्या दुकानातून’ हे शेरे वारंवार दिसतात. २००१ पासून निघालेल्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’मध्ये तर फोटोंबरोबर कपड्यांचे कटिंगचे नमुनेही छापले जायचे. म्हणजे तुमच्या मुलीला जे करायचंय तेच या फॅशनच्या मुळाशी आहे. तिला शिवू द्या. पहिलं कापड तुम्ही आणून दिलंत तर फार छान.

मला फक्त सरळ टीप मारता येते. पहिला कपडा म्हणून घेरदार स्कर्ट शिवायचा आहे, खाली झालर हवी. कापड किती घेऊ? कमर ७२, सीट (नितंबांचा घेर) ९६.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

४४ इंची, म्हणजे साधारण ११२ सें.मी. पन्ह्याचं (रुंदीचं) सुती केंब्रिक किंवा पातळ पॉपलीन पावणेदोन मीटर घ्या. हिशेबाने १४७ सें.मी. लागतं. बाकीचं आटण्यासाठी आणि कापताना होणाऱ्या चुकीसाठी ठेवा. कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. न भिजवता शिवलेला स्कर्ट पहिल्या धुण्यात आटतो, लेस मात्र वेगळ्या प्रमाणात आटते, आणि झालर कायमची मुरगळते. म्हणून लेस लावायची असेल तर तीही भिजवून घ्या. चकचकीत नायलॉन लेसपेक्षा सुती विणलेली लेस निवडा. या शैलीत कपडा स्वस्त दिसतो की नेटका, हे बऱ्याचदा लेसवरूनच ठरतं.

तयार लांबी ५५ धरू. त्यात कमरेची पट्टी ४, अंग ४३ आणि झालर ८. अंगाचे दोन तुकडे पूर्ण पन्ह्याचे, प्रत्येकी ४६ लांब कापा. वरची आणि खालची दीड-दीड सें.मी. माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जागा, त्यात आली. झालरीच्या चार पट्ट्या पूर्ण पन्ह्याच्या, ११ रुंद. कमरपट्टीसाठी ११ रुंदीची आणखी एक पट्टी काढा आणि तिचे दोन भाग करा: समोरचा ४०, मागचा ६५. समोरचा भाग सपाट राहतो, मागच्यात इलॅस्टिक जातं, त्यामुळे चेन लावायची गरज उरत नाही. मागच्या भागाचं माप असं काढतात: सीट ९६ अधिक ३, त्यातून समोरची तयार पट्टी ३७ वजा, राहिले ६२, आणि दोन्ही टोकांची माया ३. हे गणित न करता मागचा भाग लहान कापला तर स्कर्ट सीटवरून वर चढतच नाही. छापील कापड असेल तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला वरच्या कडेशी खडूने बाण काढा, नाहीतर एका तुकड्यावरची फुलं उलटी लटकतील.

अंगाचे दोन तुकडे बाजूंनी जोडा, कमरपट्टीचे दोन भागही तसेच. चारही पट्ट्या जोडून झालरीचं कडं करा. खालची कड दुमडून टीप मारा, आणि मगच चुण्या घाला. चुण्या घातल्यावर कड दुमडणं जवळजवळ अशक्य होतं. जोडलेलं कडं ४३६ सें.मी. भरतं आणि अंगाचा घेर २१८, म्हणजे बरोबर दुप्पट.

आता चुण्या. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो, म्हणून जरा सावकाश वाचा. टाका सर्वांत लांब करा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. मायेच्या कडेपासून १ सें.मी.वर एक आणि २ सें.मी.वर दुसरी अशा दोन समांतर कच्च्या टिपा मारा. खरी टीप या दोघींच्या मधोमध, दीडवर बसणार आहे. एकाच टिपेवर चुण्या ओढल्या तर त्या गोल फिरतात आणि दोरा तुटला की सगळं सुटतं. जोड आला की टीप थांबवा आणि जोडापलीकडून नवी सुरू करा. जाड जोडावरून नेलेला दोरा तिथेच अडकतो आणि ओढताना तिथेच तुटतो.

झालरीचे आठ सारखे भाग करून खडूच्या खुणा करा, प्रत्येक भाग साडेचोपन्न सें.मी.चा होईल. अंगाच्या घेराचेही आठ भाग करा, प्रत्येकी सव्वासत्तावीस. सुलट बाजू समोरासमोर ठेवून खुणेला खूण टाचणीने लावा, आणि मग एकेका भागात बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र धरून हळूहळू ओढा. एका टोकाला धरून साडेचार मीटर ओढायला गेलात तर दोरा तुटणारच. चुण्या नखाने सारख्या पसरवा. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे एखादी चुणी आडवी पडत असेल तर सुईखाली जाण्याआधी ती दिसते. टाचणी सुईखाली येण्याआधी काढत चला. टीप झाल्यावर सुलट बाजूला दिसणारा कच्चा दोरा ओढून काढा, माया वरच्या दिशेला दाबा आणि सुलट बाजूने अंगावर, जोडापासून २ मि.मी. अंतरावर एक टीप फिरवा. ती नसेल तर माया खाली वळते आणि झालर फेंदारून उभी राहते. चुण्यांवर इस्त्री सपाट फिरवायची नाही. तिचं टोक फक्त मायेत घालायचं.

कमरेला हेच करा. समोरचा १०९ चा तुकडा ३७ मध्ये आणि मागचा १०९ चा ६२ मध्ये बसवा. पट्टी आत वळवून शिवताना दोन्ही बाजूंच्या जोडांशी आतून ५-५ सें.मी. उघडं ठेवा. सव्वा इंची इलॅस्टिक ३५ सें.मी. कापा, सेफ्टी पिनने मागच्या भागातून ओढा, दोन्ही जोडांवर उभी टीप मारून पक्कं करा आणि उघड्या जागा बंद करा.

जाड खादी किंवा डेनिम घेतलंत तर हे माप चालणार नाही. समोर तिप्पट चुण्या आहेत. जाड कापड तिप्पट गोळा झालं की कमरेवर उशी बांधल्यासारखं दिसतं. त्याला दुप्पटच ठेवा.

स्कर्ट छान झाला, पण फोटोतल्यासारखा फुगत नाही. लेहंग्याच्या आत घालतात ते कॅनकॅन आणून गुडघ्यापर्यंत कापलं, तरी नुसता चपटाच दिसतो.
— एक वाचक, ठाणे

कापलंत तिथेच घेर गेला. लेहंग्याचं कॅनकॅन पायघोळ असतं आणि त्याची सगळ्यात फुगीर झालर तळाशी असते. वरचे ५० सें.मी. ठेवून खालचं कापलं की हातात उरतो तो सगळ्यात कमी घेराचा भाग. कापलेला तुकडा टाकला नसेल तर त्यातल्या झालरी उसवून घ्या, त्या नव्या पेटीकोटला लागतील.

जपानी स्कर्टचा आकार घंटेसारखा असतो. कमरेपासून हाताच्या वीतभर जागेत फुगवटा नको, तो त्याच्या खाली सुरू व्हायला हवा. म्हणून पेटीकोटचा वरचा भाग साध्या केंब्रिकचा करा: ११२ चा एक पन्हा, २२.५ लांब. त्यातले ३ वर नेफ्यासाठी, दीड खाली मायेसाठी, म्हणजे तयार १८ राहतात. सीट शंभरपर्यंत असेल तर हा एकच पन्हा पुरतो. त्याखाली मऊ नायलॉन नेटचा पहिला थर, १९ रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून. त्याला दुसरा थर, साडेसतरा रुंदीच्या सहा पट्ट्यांचा, आणि हा दुसरा थर एकावर एक असा दुहेरी, म्हणजे एकूण बारा पट्ट्या. नेटचा पन्हाही ४४ इंची धरला तर पावणेतीन मीटर पुरतं, तीन घ्या. नेट उसवत नाही, त्यामुळे खालची कड दुमडू नका. तयार लांबी ५० होते, स्कर्टपेक्षा ५ कमी. पेटीकोट खालून डोकावला तर सगळी मेहनत वाया.

साडेसहा मीटर नेटच्या चुण्या साध्या दोऱ्याने ओढत नाहीत. मशीनला झिगझॅग टाका असेल तर नेटवर बारीक तंगूस ठेवून त्याच्यावरून रुंद झिगझॅग मारा. सुई तंगुसात घुसता कामा नये. नंतर नुसता तंगूस ओढायचा, तो तुटत नाही. फक्त सरळ टीप असेल तर बॉबिनमध्ये काजाचा जाड दोरा भरा आणि तोच ओढा.

नेटचे जोड मांड्यांना टोचतात. वरच्या भागाच्या खालच्या जोडातच आतून केंब्रिकचं अस्तर घ्या: दोन पन्हे, ३३ लांब कापलेले, तयार लांबी ३०. वरचा भाग धरून केंब्रिक एक मीटर लागेल. पेटीकोट कपाटात घडी करून दाबून ठेवू नका. क्लिपने उलटा टांगा, म्हणजे झालरींचं वजन त्यांना मोकळं करतं.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. निप्पोरीच्या कापडगल्लीतून कापड आणि जपानी शिवणकामाचं पुस्तक आणलं. पुस्तकातल्या रेषेवर अगदी काटेकोर कापलं, तरी फ्रॉक छातीत घट्ट आणि गळ्याला मोठा झाला. साइज ९ म्हणजे मला बरोबर बसायला हवा होता.
— एक वाचक, टोकियो

छातीत घट्ट आणि गळ्याला मोठा, हे दोन्ही एकत्र झालं म्हणजे कारण एकच: माया धरली गेली नाही. जपानी पुस्तकांतले बहुतेक नमुने तयार रेषेचे असतात, त्यात शिवणीची जागा नसते. ती कापडावर तुकडे मांडण्याच्या आकृतीत लिहिलेली असते, आणि बहुधा एका ओळीत: ‘वेगळं सांगितलेलं नसेल तिथे नुइशिरो १ सें.मी.’ नुइशिरो म्हणजे माया. तुम्ही रेषेवर कापून १ सें.मी. आत शिवलंत. दोन बाजूंच्या शिवणींच्या चार कडा, म्हणजे छातीत ४ सें.मी. गेले. गळ्याची कड मात्र १ सें.मी. बाहेर सरकली, म्हणून गळा मोठा झाला.

फ्रॉक वाचवता येईल. बाजूच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत उसवा आणि प्रत्येक बाजूला ४ सें.मी. रुंद पट्टी घाला. दोन्हीकडची माया गेल्यावर २ सें.मी. तयार राहते, दोन बाजूंना मिळून ४. बाही असेल तर तीच पट्टी काखेतून बाहीच्या खालच्या शिवणीतही पुढे न्या, नाहीतर काख खेचेल. गळ्याला आतून तिरपी पट्टी लावून तिच्यात बारीक इलॅस्टिक ओवा. हे चुणीदार गळे या शैलीला शोभतातच.

पुढच्या वेळी नमुना छापील कागदावरून थेट कापू नका. एकाच कागदावर पाच-सहा कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असतात. पारदर्शक कागदावर आपली रेषा गिरवा, तिच्याबाहेर मोजून माया काढा, मग कापा. कागदावर दिसणारे शब्द असे: माए म्हणजे समोर, उशिरो म्हणजे मागे, सोदे बाही, एरी कॉलर, मिकाएशी गळ्याच्या किंवा उघडीच्या आतली पट्टी, नुनोमे म्हणजे उभ्या धाग्याची दिशा. एका कडेवर ‘वा’ हे एकच अक्षर असेल तर ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची. तिथे कात्री लावली की एक अख्खा तुकडा दोन अर्ध्यांत फुटतो.

साइजबद्दलही एक. जपानी ९ नंबरची छाती ८३ सें.मी. धरलेली असते. आपल्याकडे ब्लाउजला छातीत जवळपास काहीच सैलपणा देत नाहीत. टोकियोच्या बुन्का फॅशन कॉलेजच्या नव्या पद्धतीत मूळ आकृतीच छातीच्या निम्म्या मापात ६ सें.मी. मिळवून काढतात, म्हणजे पूर्ण छातीत १२ सें.मी. सैल. तयार फ्रॉक आपल्या सवयीच्या नजरेला ढगळ वाटेल. तो तसाच राहू द्या. ब्लाउजसारखा आवळलात तर त्याची पाठ आणि बाही दोन्ही बिघडतात.

गोल कॉलर कितीही काळजीने लावली तरी तिची टोकं वर उठतात आणि मानेशी आतली टीप दिसते. काय चुकतं?
— शिवणवर्ग चालवणाऱ्या एक ताई, सांगली

ताई, यात दोन वेगळ्या चुका आहेत. टीप दिसते ती आखणीमुळे. समोरचा आणि मागचा भाग खांद्याशी नुसते जोडून कॉलर गिरवली तर ती पूर्ण सपाट होते आणि गळ्याची शिवण उघडी पडते. गळ्याकडची टोकं एकमेकांना भिडवा, पण बाहीकडच्या टोकाशी समोरचा खांदा मागच्यावर दीड ते दोन सें.मी. चढवा, आणि मग गळ्याची रेषा गिरवा. कॉलरची बाहेरची कड त्यामुळे थोडी आखूड होते, म्हणून ती मानेशी किंचित उभी राहून वळते आणि शिवण झाकते. रुंदी ६ ते ७ ठेवा.

टोकं उठतात ती खालच्या थरामुळे. वरचा आणि खालचा थर अगदी सारखा कापला की वळणावर खालच्याला जास्त जागा उरते, आणि तो कडेबाहेर डोकावून टोक वर ढकलतो. खालचा थर बाहेरच्या गोल कडेने २ ते ३ मि.मी. लहान कापा. शिवताना दोन्ही कडा जुळवून घ्या. खालचा जरा ताणला जाईल आणि कॉलर आपोआप आत वळेल. पेस्टिंग कॅनव्हास (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) पातळ घ्या आणि तो वरच्या थराला लावा. गोलाईवर टाका दीड ते दोन मि.मी. इतका बारीक हवा, मोठ्या टाक्याने गोल कडेला कोपरे पडतात. माया ५ मि.मी. ठेवून छाटा आणि दर सेंटीमीटरला लहान त्रिकोणी कट मारा, टिपेच्या २ मि.मी. अलीकडे थांबून. उलटवताना आत कात्रीचं टोक घालू नका, कापड फाटतं. पेन्सिलीची बोथट बाजू पुरेशी आहे.

माझ्याकडे आजीची काळी, फक्त सरळ टीप मारणारी मशीन आहे. कडा उसवू नयेत म्हणून शिवणारी ओव्हरलॉक मशीन नाही. हाराजुकूच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतली ठिगळांची जॅकेटं मला आवडतात. ती करता येतील का? आणि उसवणाऱ्या कडांचं काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

ठिगळांना तर मशीनही नको. त्या जॅकेटांचं मूळ ‘बोरो’त आहे. जपानच्या थंड ईशान्य भागात, तोहोकूत, कापूस पिकत नसे. दक्षिणेकडून जहाजांनी आलेली जुनी सुती कापडं लोक निळीत रंगवून थरावर थर शिवत. त्या टाक्याचं नाव साशिको. आपल्या गोधडीचा धावदोराच तो. गोधडी कडेपासून आत चौकोनात फिरत जाते, साशिकोत आधी एका दिशेच्या सगळ्या रेषा पूर्ण करतात, मग दुसऱ्या दिशेच्या.

सुलट बाजूचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि उलट बाजूचा त्याहून थोडा लहान, साधारण तीनास दोन. लांब सुईवर चार-पाच टाके एकदम भरा, दोरा ओढा, आणि मग अंगठ्याने कापड दोऱ्याच्या दिशेने सरकवून सपाट करा. हे सरकवणं विसरलं की कापड आक्रसतं आणि धुतल्यावर ठिगळ फुगतं. भरतकामाची रिंग लावू नका. कोपऱ्यावर वळताना उलट बाजूला दोऱ्याचा २-३ मि.मी. सैल फास सोडा. ठिगळ आणि जॅकेट दोन्ही आधी धुऊन घ्या, निळं कापड असेल तर वेगळं.

कडांसाठी ओव्हरलॉकशिवाय उत्तम उपाय दुहेरी शिवण. आधी उलट बाजू समोरासमोर ठेवून ५ मि.मी.वर टीप मारा आणि माया ३ मि.मी. ठेवून छाटा. मग कापड उलटवा, सुलट बाजू समोरासमोर आणा, इस्त्री करा आणि १ सें.मी.वर दुसरी टीप. कच्ची कड आत बंद होते आणि एकूण दीड सें.मी. माया लागते, म्हणून वर कोल्हापूरच्या वाचकाला दिलेल्या मापांत बाजूचे जोड असेच करता येतील. चुण्यांच्या जोडाला मात्र ही शिवण नको, तिथे फार जाड होते. तिथे मायेवर पातळ तिरपी पट्टी चढवा.

मशीनला तेल घालून आधी रद्दी कापडावर टीप मारून बघा, नाहीतर तेलाचा थेंब पहिल्याच झालरीवर पडतो. सुई मलमल-केंब्रिकला ११ नंबर, पॉपलीनला १४, डेनिमला १६. टाके मधूनमधून सुटत असतील तर ताण फिरवण्याआधी सुई बदला.